रविवार परक्यांचा, वाट यात्रेकरूंची

टोकियोच्या आसपासच्या शाळा-कॉलेजांत शिकवणारी परदेशी जोडपी शनिवार-रविवारी कुठे जातात, हे विचारावे लागत नाही. कामाकुराचा महाबुद्ध, एनोशिमा बेट, हाकोनेचे गरम पाण्याचे झरे, निक्कोची देवळे आणि उन्हाळा असेल तर कारुइझावा. परदेशी तरुणांना शाळांत शिकवायला बोलावणारी जेट योजना जपान सरकारने १९८७ साली सुरू केली आणि पहिल्याच वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. पण सहलींची ही यादी त्यांच्याही शंभर वर्षे आधीची आहे. अर्नेस्ट सॅटो आणि ए. जी. एस. हॉज यांनी १८८१ साली परदेशी प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढले, त्यात कामाकुरा, एनोशिमा, हाकोने आणि निक्को आहेतच. यावरून एक समज रूढ झाला: मेजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आलेल्या परदेशी शिक्षकांनी आणि मिशनऱ्यांनी ही ठिकाणे हुडकली आणि कामातून सुटी काढून हवापालटाला जायची सवय जपानी माणसाला लावली. मला हे अर्धेच खरे वाटते. परक्यांनी दिला तो सुटीचा ठरलेला वार. वाटा, मुक्काम आणि प्रवासाची रीत एदो काळातल्या यात्रेकरूंनी आधीच घालून ठेवली होती. त्यातल्या कोणत्या वाटेने परका जाणार, हे त्याच्या आवडीपेक्षा सरकारी बंधनांनी ठरवले.

बंधन तहातच होते. पाश्चात्त्य देशांशी झालेल्या १८५८ च्या तहांनी योकोहामा बंदर परदेशी लोकांना खुले झाले, पण त्यांनी बंदरापासून दहा री, म्हणजे साधारण ३९ किलोमीटर, एवढ्याच परिघात फिरावे असे ठरले. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, दिशेला तर तेवढीही मुभा नव्हती. तिकडे रोकुगो नदी ही हद्द. हा परीघ नकाशावर आखून पाहिला, तर कामाकुरा आणि एनोशिमा आत येतात, हाकोने बाहेर राहते. १४ सप्टेंबर १८६२, रविवारचा दिवस. शांघायहून आलेला रिचर्डसन नावाचा व्यापारी, योकोहामातले दोघे ओळखीचे आणि हाँगकाँगहून पाहुणी आलेली मिसेस बोरोडेल असे चौघे घोड्यांवरून कावासाकीच्या प्रसिद्ध देवळाकडे निघाले होते. रोकुगोच्या अलीकडे असल्यामुळे ते देऊळ हद्दीत बसत होते. वाटेत नामामुगी गावाजवळ सात्सुमा सरदारांचा लवाजमा समोरून आला. अशा वेळी वाटसरूने खाली उतरून बाजूला व्हायचे, हा तिथला रिवाज. चौघे घोड्यांवरच राहिले आणि रांगेत घुसल्यासारखे झाले. तलवारी उपसल्या गेल्या. रिचर्डसन ठार झाला, दोघे जखमी झाले, मिसेस बोरोडेल टोपीवरच्या वारावर निभावून घोडा दौडवत योकोहामाला पोचली. पुढच्या वर्षी ब्रिटिश आरमाराने सात्सुमाच्या कागोशिमावर तोफा डागल्या, त्याला कारण झाली ही रविवारची रपेट. १८६४ साली कामाकुरा पाहायला गेलेले दोन ब्रिटिश अधिकारीही असेच मारले गेले. इतिहासाच्या पुस्तकांत या घटना राजकारणाच्या प्रकरणात येतात आणि ते योग्यच आहे. पण मेलेली माणसे सहलीला निघाली होती, आणि तहाने जिथवर जायला परवानगी दिली होती तिथेच निघाली होती, हे त्या प्रकरणांत हरवते.

दहा रीच्या पलीकडे जायचे तर परवाना लागे. १८७४ पासून तो रीतसर मिळू लागला, मात्र त्यासाठी कारण सांगावे लागे: प्रकृती, वनस्पतींचा अभ्यास किंवा शास्त्रीय संशोधन. नुसते फिरायला जायचे आहे, हे कारण त्यात बसत नव्हते. इझाबेला बर्ड १८७८ साली उत्तर जपानात गेली, तेव्हा या परवान्यावरच्या अटी तिने नोंदवून ठेवल्या. रानात जाळ करू नये, आग लागली असेल तिथे घोड्यावर बसून जाऊ नये, शेतांत शिरू नये, देवळांच्या भिंतींवर काही लिहू नये, अरुंद रस्त्यावर भरधाव जाऊ नये. परवानाधारकाला व्यापार करायची किंवा घर भाड्याने घ्यायची मोकळीक नव्हती. टोकियोत शिकवणाऱ्या प्राध्यापकाला बायकोसह डोंगरात जायचे, तर सर्वांत सरळ कारण प्रकृतीचे, आणि प्रकृतीसाठी जायची जागा म्हणजे गरम पाण्याचे झरे. हाकोनेच्या मियानोशिताला परदेशी पाहुण्यांसाठी फुजिया हॉटेल १८७८ साली उभे राहिले. टोकियोत वैद्यक शिकवणारे जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ कुसात्सूच्या झऱ्यांचे गुण गात राहिले. झऱ्यांवर जाण्याची ही ओढ पाश्चात्त्यांच्या आवडीतून आली असे म्हणतात. माझ्या मते परवान्याच्या अर्जाचाही तिच्यात मोठा वाटा आहे. उलट बाजूचे उदाहरण एडवर्ड मॉर्स यांचे. हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक १८७७ साली आले, योकोहामाहून टोकियोला जाताना आगगाडीच्या खिडकीतून त्यांना ओमोरीजवळ शिंपल्यांचा प्रागैतिहासिक ढिगारा दिसला आणि त्याच उन्हाळ्यात त्यांनी समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा मांडली ती एनोशिमाला. समुद्र जपानात कुठे नाही? पण एनोशिमा दहा रीच्या आत होते.

आता मूळ प्रश्न. एनोशिमा परक्यांनी शोधले का? एदो शहरातले कारागीर, दुकानदार, गडी अठराव्या शतकापासून ओयामा डोंगरावर दर्शनाला जात आणि परतताना एनोशिमाच्या बेन्झाइतेन देवीला जाऊन येत. एकट्याला हा खर्च झेपत नसे म्हणून गल्लीतले लोक मंडळ करत. आपल्याकडच्या भिशीसारखेच ते चाले: सगळ्यांनी थोडे थोडे पैसे घालायचे, चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्यांच्या निघतील त्यांनी सगळ्यांच्या वतीने जायचे. गेलेल्याने मागे राहिलेल्यांसाठी अंगारा, प्रसाद, तिथली काही खास वस्तू आणायचीच. आज कोणी शिक्षक सोमवारी सहलीच्या गावची मिठाई शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांच्या टेबलांवर वाटतो, त्या रिवाजाचे मूळ इथे आहे. तीर्थाच्या ठिकाणी पुजारीच खाणावळ चालवत, वाटाडे पुरवत, पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक बांधून ठेवत. १८३० साली इसेच्या देवस्थानाच्या यात्रेची लाट आली, तेव्हा काही महिन्यांत चाळीस लाखांवर माणसे तिथे जाऊन आली. एवढ्या माणसांना खाऊ-पिऊ घालणारी आणि निजवणारी व्यवस्था ज्या देशात होती, त्याला प्रवास परक्याने शिकवला हे म्हणणे टिकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की ती यात्रा होती, सहल नव्हे. भाव वेगळा, हेतू वेगळा. हा आक्षेप मला कागदावरचा वाटतो. इसेच्या वाटेवर फुरुइची हा नाचगाण्याचा आणि रंगेल वस्तीचा मुक्काम ठरलेलाच होता. १८०२ पासून छापल्या गेलेल्या जिप्पेन्शा इक्कूच्या तोकाइदो हमरस्त्यावरच्या गमतीदार प्रवासकथा घरोघर वाचल्या जात, आणि त्यांतल्या दोन्ही नायकांचे लक्ष देवापेक्षा खाण्यापिण्यावर आणि थट्टामस्करीवर जास्त असते. देवाचे नाव घेतले की गावचा मुखिया प्रवासाचा कागद देई. मेजी काळातला परदेशी प्राध्यापक प्रकृतीचे कारण देई. दोघांनाही सरकारला पटेल असे कारण लागत होते. यात्रेकरूचा भक्तिभाव खोटा होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. भक्ती आणि मजा एकाच शिदोरीत बांधता येतात, हे त्या समाजाला मान्य होते, एवढेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. यात्रा पुरुषांच्या. नवरा-बायकोने मिळून फिरायला जाणे ही तरी परक्यांची देणगी नव्हे का? १६१९ साली हाकोनेला नाका बसला. सरदारांच्या बायकांना एदोत ओलीस ठेवलेले असे. त्या निसटू नयेत म्हणून एदोतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईची तिथे झडती होई. त्यासाठी नेमलेल्या बायका तिचे केस सोडून तपासत आणि कागदावरचे वर्णन जुळते का ते पाहत. फुजी पर्वत आणि निक्कोच्या वरचे चुझेन्जी सरोवर स्त्रियांना १८७२ पर्यंत बंद होते. हे सगळे मान्य. पण नकाशा पुन्हा पाहावा: ओयामा आणि एनोशिमा दोन्ही हाकोने नाक्याच्या अलीकडे, म्हणजे एदोच्या बाजूला आहेत. ओयामाचे शिखर बायकांना बंद असले, तरी नाका न ओलांडता एनोशिमाला जाता येत असल्यामुळे एदोतल्या बायका तिथे मोठ्या संख्येने जात. शोगुनच्या नाक्याने आणि परक्यांच्या तहाने, दोघांनीही एकमेकांशी संबंध नसताना, जवळजवळ तोच टापू फिरायला मोकळा ठेवला. याचा विचार कुठे फारसा झालेला दिसत नाही. जोडीने फिरण्याचा दाखलाही देशी आहे. १८६६ साली सामुराई साकामोतो र्‍योमा जखमी अवस्थेत बायको ओर्‍योला घेऊन किरिशिमाच्या डोंगरात गेला, दोघे ताकाचिहो शिखर चढले आणि त्यांनी माथ्यावर रोवलेला भाला उपटून पाहिला. त्याने बहिणीला चित्र काढून हे सगळे कळवले. तरीही सर्वसामान्य जोडप्याला अशी मोकळीक नव्हती आणि ती नाके, बंदी उठल्यावरच आली, हे मी मान्य करतो. मात्र नाके १८६९ साली आणि बंदी १८७२ साली उठवली ती जपानी सरकारने. लाफ्काडिओ हर्न १८९० साली मात्सुएच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले. तिथेच संसार मांडल्यावर ते आणि सेत्सू कोइझुमी इझुमोच्या देवळाकडे गेले, ओकी बेटांवर गेले. त्या भटकंतीत सेत्सू सोबत होती, आणि इझुमोची वाट यात्रेचीच होती.

राहिले कारुइझावा आणि उंच डोंगर. कारुइझावा हे परक्यांचे नि:संशय कर्तृत्व, असे म्हणतात. १८८६ साली मिशनरी अलेक्झांडर शॉ आणि टोकियोत इंग्रजी शिकवणारे जेम्स डिक्सन तिथे उन्हाळा काढायला गेले, दोन वर्षांनी शॉ यांनी एक जुने घर हलवून बंगला केला. पण ते गाव नाकासेंदो या जुन्या हमरस्त्यावरचा मुक्काम होते. रस्त्याची रहदारी ओसरली म्हणून तिथली घरे आणि खाणावळी रिकाम्या होत्या, आणि १८९४ साली नावारूपाला आलेले मांपेइ हॉटेल ही आधी कामेया नावाची जुनी धर्मशाळावजा खाणावळच होती. डोंगरांचे तसेच. वॉल्टर वेस्टन यांनी १८९६ च्या पुस्तकाने जपानी आल्प्स जगाला दाखवले आणि १९०५ साली जपानी गिर्यारोहण मंडळ निघाले त्यामागे त्यांचे उत्तेजन होते. पण त्याच डोंगरांतल्या यारी शिखरावरची वाट बानर्‍यू या भिक्षूने १८२८ सालीच पाडली होती.

मग परक्यांचे नेमके श्रेय काय? वार. मेजी सरकारने आधी १ आणि ६ हे आकडे येणाऱ्या तारखांना सुटी दिली होती. परदेशी तज्ज्ञ आणि शिक्षक रविवारी काम करत नसत, त्यामुळे कचेरीची आणि त्यांची सुटी जुळेना. मार्च १८७६ मध्ये हुकूम निघाला आणि एप्रिलपासून सरकारी कामाला रविवारची पूर्ण आणि शनिवारची दुपारनंतरची सुटी मिळू लागली. हा बदल खोल आहे. यात्रा वर्षातून, आयुष्यातून एकदा घडे. सुटी आता दर सात दिवसांनी येणार होती, आणि त्यामुळे जवळच्या ठिकाणाला महत्त्व आले. मग रेल्वे कंपन्यांनी जुन्या यात्रेच्या वाटांवर रूळ टाकले. जानेवारी १८९९ मध्ये कांतो प्रदेशातली पहिली विजेची गाडी सुरू झाली ती रोकुगो पुलापासून कावासाकीच्या त्याच देवळापर्यंत, जिकडे रिचर्डसनची मंडळी निघाली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये नवे करार लागू झाले, दहा रीची हद्द आणि परवाने संपले. १९२०च्या दशकाअखेर ओदाक्यू आणि तोबू या खासगी कंपन्यांच्या गाड्या ओदावारा, एनोशिमा, निक्कोपर्यंत पोचल्या.

वार सरकारी नोकरांना मिळाला, दुकानातल्या पोऱ्यांना नाही. त्यांना कितीतरी वर्षे जानेवारी आणि जुलैतल्या एकेका दिवसावरच समाधान मानावे लागले. सरकारी कचेऱ्यांना शनिवारची पूर्ण सुटी १९९२ साली मिळाली, सरकारी शाळांना ती टप्प्याटप्प्याने २००२ पर्यंत. जपानी शिक्षकांना मात्र ती आजही पुरती लाभलेली नाही. शाळेतल्या खेळांच्या आणि कलांच्या क्लबांचे सराव आणि सामने शनिवार-रविवारीच होतात, आणि तिथे शिक्षक हजर लागतो. परदेशी सहकारी हाकोनेची गाडी पकडतो, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा माणूस अनेकदा मैदानावर उभा असतो. २०१८ साली सरकारने शाळांना सूचना केली की क्लबांना आठवड्यात निदान दोन दिवस सुटी द्यावी आणि त्यातला एक शनिवार-रविवारपैकी असावा. २०२३ पासून हे सराव हळूहळू गावातल्या संस्थांकडे सोपवण्याचे काम सुरू झाले आहे.