नळाच्या पाण्यातला क्लोरीन आणि कुंडीतली तुळस

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. सोसायटीच्या स्थापनेचा इतिहास लिहायला माझ्याहून जुनी मंडळी आहेत. पण आपल्या पंचवीस वर्षांच्या सभांत एक विषय असा आहे, की तो दर दोन-तीन वर्षांनी निघतो आणि 'पुढील सभेत चर्चा करावी' एवढा शेरा घेऊन परत फाईलमध्ये जातो. तो म्हणजे पाण्याच्या टाकीत टाकायची टीसीएल पावडर. तिच्यामुळे कुंड्यांतली झाडं जळतात, तुळस टिकत नाही, ही तक्रार. ही तक्रार आपल्या सोसायटीहून बरीच जुनी आहे, म्हणून तिचाच इतिहास सांगतो.

क्लोरीन वायू शेले नावाच्या औषधी दुकानदाराने स्वीडनमध्ये १७७४ साली प्रथम तयार केला. हम्फ्री डेव्हीने १८१० मध्ये ते मूलद्रव्य आहे असं दाखवून पिवळट-हिरव्या रंगावरून त्याला ग्रीक नाव दिलं. आरंभी उपयोग एवढाच, की कापड पांढरं करायचं. चार्ल्स टेनंटने ग्लासगोत चुन्यात क्लोरीन जिरवून ब्लीचिंग पावडर केली आणि १७९९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आपली टीसीएल ही तिचीच बहीण. पूर्ण नाव ट्रॉपिकल क्लोराईड ऑफ लाइम. उष्ण हवेत तिचा जोर लवकर जाऊ नये म्हणून तिच्यात चुना जास्त असतो. तरीही पोतं उघडं राहिलं की ती मरते, हे टाकी धुणाऱ्यांना दरवेळी सांगावं लागतं.

पिण्याच्या पाण्यात ही पावडर यायला पुढे शंभर वर्षं लागली. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या मेडस्टन गावात टायफॉईडची साथ आली. अठराशेहून अधिक लोक आजारी पडले, १३२ दगावले. तेव्हा गावाचे नळ ब्लीचिंग पावडरीने धुऊन काढले. १९०५ मध्ये लिंकन शहरात तशीच साथ आली आणि डॉ. अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी पाण्यात रोजच्या रोज क्लोरीनचं द्रावण सोडायला सुरुवात केली. मधल्या काळात, १९०३ मध्ये, क्लोरीन वायू दाबून लोखंडी नळकांड्यात भरावा आणि पाण्यात सोडावा अशी कल्पना नेसफील्ड नावाच्या लेफ्टनंटने छापून मांडली. हा गृहस्थ हिंदुस्थानातल्या लष्करी वैद्यकीय सेवेतला होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

खरा खटला मात्र अमेरिकेत गाजला. जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या कंपनीवर शहराने दावा लावला होता, की पाणी करारात लिहिल्याप्रमाणे शुद्ध नाही. कंपनीचे सल्लागार होते डॉ. जॉन लील. त्यांचे वडीलही डॉक्टर. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांना जडलेली आमांशाची व्याधी अखेरपर्यंत सुटली नाही, तिनेच ते गेले. लील यांनी २६ सप्टेंबर १९०८ रोजी बूंटनच्या धरणावर ब्लीचिंग पावडरीचं द्रावण पाण्यात सोडायला सुरुवात केली. लोकांना विचारलं नाही, कोर्टाचीही आधी परवानगी घेतली नाही. आम्हा बँकवाल्यांच्या हिशेबी ही सरळसरळ नियमबाह्य कृती! शहराचे वकील तुटून पडले. हे पाणी तुम्ही स्वतः पिता का, बायको-मुलांना द्याल का, असं लील यांना साक्षीत विचारलं. ते हो म्हणाले. १९१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि मग शहरामागून शहरं क्लोरीन वापरू लागली.

तक्रारी तेव्हापासूनच्या. चहाचा रंग बदलतो, मासे मरतात, पक्षी मरतात, झाडं सुकतात. कॅनडातल्या ओटावाच्या पाण्याचं काम पाहणारे जोसेफ रेस यांनी १९१८ मध्ये क्लोरीनवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात या तक्रारींची दखल आहे. म्हणजे आपल्या सभेत जे बोललं जातं ते शंभर वर्षांपूर्वीच बोलून झालंय.

यात माशांचं खरं आहे. क्लोरीन कल्ल्यांना जाळतो, थोडासाही पुरतो. झाडाचं तसं नाही. नळाच्या पाण्यात घरापर्यंत पोहोचताना लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावा, असं भारतीय मानक सांगतं. आपण ०.५ धरू. दहा लिटरच्या बादलीत ५ मिलिग्रॅम झाला. कुंडीत ओतल्यावर माती आणि शेणखत त्याला लगेच गिळतं आणि त्याचं क्लोराईड होतं, म्हणजे मिठात असतं तेच. एक ग्रॅम मिठात सुमारे ६०० मिलिग्रॅम क्लोराईड असतं. आता तुलना करा! शिवाय क्लोराईड झाडाला अगदी थोडं लागतंच, हे कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये सिद्ध केलं. वरच्या थरातले काही जिवाणू मरतात, पण ते पुन्हा वाढतात.

मग पानांची टोकं का करपतात? माझ्या पाहण्यात कारणं बहुधा दुसरीच निघतात. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी वाचवायचं म्हणून कुंड्यांना घालतात. हेतू चांगला, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. बोअरच्या जड पाण्याचंही तेच. तुळस तर जास्त पाण्याने कुजते, उन्हाविना खंगते, मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर लवकर संपते. टीसीएलच्या नावावर उगाच खर्ची पडतं.

तरीही ज्यांना क्लोरीन घालवायचाच आहे त्यांच्यासाठी उपाय फुकटचे आहेत. रुंद तोंडाच्या बादलीत पाणी दिवसभर उघडं ठेवा, ऊन लागलं तर काम लवकर होतं. घाई असेल तर सी व्हिटॅमिन. क्लोरीनच्या सुमारे अडीचपट लागतं, म्हणजे ५०० मिलिग्रॅमची एक गोळी तशा चाळीस बादल्यांना पुरेल. फिश टँकवाले हायपो टाकतात. जुन्या फोटोग्राफरांच्या डार्करूममधला हायपो तो हाच. कार्बनचा फिल्टरही चालतो. रेस यांनी ओटावात क्लोरीनबरोबर अमोनिया वापरून पाहिला होता. त्यातून होणारं क्लोरामाइन आज अमेरिकेत अनेक शहरांत वापरतात आणि ते बादली उघडी ठेवून सहज जात नाही. परदेशातल्या मुलांकडे राहायला जाणाऱ्यांनी तिथल्या बागेपुरतं हे लक्षात ठेवावं. आपल्याकडे बहुतेक साधा क्लोरीनच असतो. जीवामृत करताना, बियाण्याला जिवाणू खत लावताना किंवा मनीप्लांट बाटलीत लावताना मात्र मुरलेलंच पाणी घ्या, कारण जिवाणू वाढवायचे आणि त्यांना मारणारं पाणीही घालायचं, याला अर्थ नाही.

क्लोरीन अगदी निर्दोष आहे असंही नाही. पाण्यातल्या कुजक्या पदार्थांशी मिळून तो काही नको ते पदार्थ तयार करतो, हे रॉटरडॅमच्या रूक यांनी १९७४ मध्ये दाखवलं. म्हणून पाणी आधी गाळून निवळून घ्यायचं आणि मग मोजूनच पावडर टाकायची, चमच्याच्या अंदाजाने नाही.

आपल्याकडे ज्या उन्हाळ्यात टँकर येत होते, त्या वर्षी दोन विंगांत काविळीचे पेशंट निघाले होते. त्यांतली एक शाळकरी मुलगी महिनाभर अंथरुणाला होती. टँकरच्या पाण्यात क्लोरीन होता की नाही, कुणी पाहिलं नव्हतं. त्यानंतरच ऑफिसच्या कपाटात ओटी टेस्टची बाटली आली. पाण्यात थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. टीसीएल बंद करण्याचा विषय यंदाच्या वार्षिक सभेच्या अजेंड्यावर पुन्हा आहे. सभेआधी ज्यांना पाहायचं असेल त्यांनी सकाळी पाणी आल्यावर घरच्या नळाचं ग्लासभर पाणी घेऊन ऑफिसात यावं. नऊपर्यंत मी तिथेच असतो.