पाचोळा

रा. रं. बोराडे यांची ग्रामीण कादंबरी. प्रथम प्रकाशन १९७१. बोराडे (१९४०–२०२५) मूळचे लातूर जिल्ह्यातील काटगावचे. गावातला शिंपी गंगाराम आणि त्याच्या कुटुंबाची वाताहत हा कादंबरीचा विषय. निवेदन त्याची पत्नी पार्वती हिचे असून ते मराठवाडी बोलीत आहे. गंगारामच्या वागण्याला स्वाभिमान म्हणावे की हेकटपणा, हा प्रश्न वाचकाला सतत पडतो. नवऱ्याचा हट्ट आणि पोराची माया यांत ओढली जाणारी पार्वती मात्र वाचकाला आपलीशी वाटते. तिच्या साध्या, घरगुती बोलण्यातूनच शोकांतिका गडद होत जाते. हेच या कादंबरीचे सर्वांत मोठे यश. बोराडे यांनी ‘आमदार सौभाग्यवती’ ही राजकीय कादंबरीही लिहिली.