कण्णूरमधून : वर्ल्ड कपला तीन दिवस

येत्या मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता माझ्याकडच्या चार जवानांना दाताच्या डॉक्टरकडे जायचं आहे. चौघांनाही एकाच वेळी. अर्ज टेबलावर ठेवताना सुभेदार मेजर साहेबांनी चेहरा इतका कोरा ठेवला की मलाच हसू आवरेना. कॅलेंडर बघितलं. २२ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन : अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया.

आज १७ तारीख. रविवारी रात्री साडेनऊला कतार आणि इक्वेडोर यांच्या सामन्याने स्पर्धा सुरू होईल. कण्णूरमध्ये मात्र ती कधीच सुरू झाली आहे. छावणीच्या फाटकाबाहेर पडलं की डावीकडे ब्राझीलचा पिवळा, उजवीकडे अर्जेंटिनाचा निळा-पांढरा. मासळी बाजाराच्या रस्त्यावर पोर्तुगालचे झेंडे. इथून जेमतेम तीन किलोमीटरवर सेंट अँजेलोचा किल्ला आहे, जो पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय अल्मेडा याने १५०५ मध्ये बांधायला घेतला. त्यांना इथून घालवायला पुढे दीडशे वर्षं लागली. आता रोनाल्डोमुळे त्यांचा झेंडा लोक स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या हाताने चढवताहेत. याच आठवड्यात पानूरला एका गृहस्थाने हा लाल-हिरवा झेंडा एका राजकीय पक्षाचा समजून फाडला, आणि पोर्तुगालचे मल्याळी पाठीराखे त्याच्यावर धावून गेले. पोलिसांना यावं लागलं.

शेजारच्या कोझिकोड जिल्ह्यातलं पुल्लावूर तर एव्हाना जगाला माहीत झालंय. अर्जेंटिनावाल्यांनी नदीच्या पात्रात मेस्सीचा तीस फुटी कटआउट उभा केला. ब्राझीलवाले गप्प कसे बसतील? त्यांनी चाळीस फुटी नेमार आणला. मग रोनाल्डोही आला, त्याहून उंच. नदीच्या प्रवाहाला अडथळा होतो अशी तक्रार झाली, पंचायतीने चौकशी केली. तेवढ्यात खुद्द फिफाने तो फोटो प्रसिद्ध केला. आता कुणाची हिंमत आहे हात लावायची?

मी कोल्हापूरचा. त्यामुळे हे सगळं बघून हसावं की घरी आल्यासारखं वाटावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याला पेठा कशा पेटतात, ते ज्याने पाहिलंय त्याला मलबारचं वेड समजावून सांगावं लागत नाही. कालच आईचा फोन होता. आमच्याही गल्लीत झेंडे लागलेत म्हणाली. कुणाचे, ते तिला सांगता आलं नाही. "एक पिवळा हाय बघ," एवढंच.

असंच वातावरण मी २०१४ मध्ये कोलकात्यात पाहिलं होतं. तेव्हा फोर्ट विल्यमला होतो. तिथल्या मैदानाची गंमत अशी की मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांची तिथली मैदानं फौजेच्या जमिनीवर आहेत. तीनशे पासष्ट दिवस बंगालचं फुटबॉल आमच्या अंगणात खेळतं म्हणा ना. याच मैदानावर २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवलं. अकरापैकी दहा जण अनवाणी होते. गोऱ्या पलटणींनी हा खेळ आणला, स्वतःसाठी स्पर्धा काढल्या (शिमल्याचा ड्युरंड १८८८ चा), आणि मग ज्यांना कडेला उभं राहून बघायला लावलं त्यांच्याकडूनच मार खाल्ला.

पण ब्राझील-अर्जेंटिना कुठून आले? कोलकात्यात मला याचं उत्तर दोन तारखांत मिळालं. २४ सप्टेंबर १९७७ ला पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळला. सामना २-२ असा सुटला. त्या पिढीचा बंगाल ब्राझीलचा झाला. नंतर १९८६ मध्ये मेक्सिकोतले सामने दूरदर्शनवर दिसले आणि मॅराडोनाने घरंच्या घरं फोडली. बाप ब्राझील, मुलगा अर्जेंटिना. मलबारातही साधारण हेच झालं. शिवाय इथल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी आखाती देशात आहे. माझा ड्रायव्हर सांगतो की त्याचा मोठा भाऊ दोहात एका स्टेडियमच्या बांधकामावर होता. ज्या स्टेडियममध्ये मेस्सी उतरणार, तिथे सळई बांधणारा हात आपल्या घरातला आहे, ही गोष्ट कटआउटपेक्षा मला मोठी वाटते. तो भाऊ सामना मात्र टीव्हीवरच बघणार आहे. तिकीट परवडत नाही.

आता माझी कबुली. आपण १९५० च्या वर्ल्ड कपला का गेलो नाही, ही गोष्ट मी आजवर मेसमध्ये किमान दहा वेळा रंगवून सांगितली आहे : आपला संघ निवडला गेला होता, पण आपले खेळाडू अनवाणी खेळायचे, फिफाने बुटांची अट घातली, आपण बाणेदारपणे नकार दिला. टाळ्या हमखास. ती गोष्ट माझ्याकडून काढून घेतली ती इथल्या एका म्हाताऱ्याने.

छावणीच्या मागच्या गल्लीत कोपऱ्यावर एक निवृत्त सुभेदार साहेब राहतात. वय त्र्याऐंशी. १९५७ ला वेलिंग्टनला मद्रास रेजिमेंटल सेंटरमध्ये भरती झाले. पुढच्याच वर्षी सेंटरच्या संघाने ड्युरंड जिंकला. १९५५ नंतर दुसऱ्यांदा. त्या संघाचा गोलरक्षक पीटर थंगराज. रंगरूट असताना त्याच्या सरावाला चेंडू आणून देण्याचं काम आपल्याकडे होतं, हे ते अजूनही पदक मिळाल्यासारखं सांगतात. संध्याकाळी फिरायला जाताना मी त्यांच्याकडे थांबतो, काळा चहा होतो. एकदा मी माझी बुटांची गोष्ट सुरू केली. त्यांनी अर्ध्यावरच हात वर केला आणि फौजी हिंदीत म्हणाले, "साहेब, अनवाणी आम्हीही खेळलो आणि बूट घालूनही खेळलो. पायांना दोष देऊ नका."

मग मी वाचायला बसलो. खरं तर आधीच वाचायला हवं होतं.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच होते आणि कुणीही अडवलं नव्हतं. कर्णधार होते डॉ. तालिमेरेन आओ, नागा टेकड्यांतून आलेले, कोलकात्यात डॉक्टरकी शिकताना मोहन बागानकडून खेळणारे. फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी हुकल्या, तरी रामनने बरोबरी साधली, आणि अगदी शेवटी गोल खाऊन आपण १-२ ने हरलो. फ्रान्सशी! दोन वर्षांनी ब्राझीलच्या स्पर्धेसाठी आपल्या पात्रता गटातून ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स यांनी माघार घेतली, आणि एकही सामना न खेळता आपल्याला जागा मिळाली. इटली, स्वीडन आणि पराग्वे यांच्या गटात आपलं नाव होतं. ब्राझीलने प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायची तयारीही दाखवली होती, अशी नोंद आहे. फुटबॉल महासंघाने तरी नाही म्हटलं. लांबचा समुद्रप्रवास, सरावाला वेळ नाही, निवडीवरून मतभेद, अशी कारणं तेव्हा पुढे आली. त्या पिढीतले शैलेन मन्ना यांनीही पुढे सांगितलं की बुटांचं कारण ही नंतरची पांघरलेली चादर होती. खरी गोष्ट अशी की आपल्या अधिकाऱ्यांच्या लेखी ऑलिंपिक सर्वकाही होतं आणि वर्ल्ड कप म्हणजे कुठलीतरी दूरची स्पर्धा.

न्यायाने हेही सांगायला हवं की असं वाटणारे आपण एकटे नव्हतो. ब्रिटिश बेटांच्या गटात दुसरं आल्यामुळे स्कॉटलंड गेलं नाही. तुर्कस्तान गेलं नाही. ऐनवेळी बोलावलेल्या फ्रान्सनेही शेवटी अंग काढलं. सोळाच्या जागी तेराच संघ खेळले. एका गटात तर उरुग्वे आणि बोलिव्हिया असा एकच सामना झाला. शेवटी जिंकलं तेच उरुग्वे. वर्ल्ड कप अजून वर्ल्ड कप झालेला नव्हता. आपल्याकडे तर त्याची वाट पाहणारं कुणी नव्हतंच. कुठल्या नदीत कटआउट नव्हता, कुठल्या जवानाचा दात दुखत नव्हता. आज दात दुखणारे कोट्यवधी आहेत, आणि संघ नाही. १९५० ला संघ होता, वाट पाहणारे नव्हते. हे उलटं गणित मला गेले काही दिवस सुचू देत नाहीये.

आणि तो संघ काही सोम्यागोम्या नव्हता. १९५१ ला दिल्लीत एशियाडचं सुवर्ण. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार, ज्यानंतर खरोखर सगळ्यांच्या पायांत बूट चढले. १९५६ ला मेलबर्नमध्ये चौथा क्रमांक. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकणारा नेव्हिल डिसूझा आपल्या मुंबईचा. त्याचं नाव मुंबईतल्या किती पोरांना माहीत आहे, हा प्रश्न मी विचारत नाही. मलाही ते उशिराच कळलं.

सुभेदार साहेबांचा वर्ल्ड कप वेगळाच आहे. ४ सप्टेंबर १९६२, जकार्ता. प्रेक्षक पूर्ण विरोधात, प्रशिक्षक रहीम साहेब कर्करोगाने पोखरलेले, डोक्याला टाके पडलेला जर्नेल सिंग बचावफळी सोडून पुढे खेळायला उभा केलेला. दक्षिण कोरियाला आपण २-१ ने हरवलं. एक गोल पीके बॅनर्जींचा, एक त्या फुटक्या डोक्याच्या जर्नेलचा. सुभेदार साहेब तेव्हा आसामात होते. पाच दिवस जुना पेपर आला, तो सगळ्या पलटणीने वाचला. "थंगराज आपला, सुवर्ण आपलं," म्हणत त्या रात्री लंगरमध्ये गाणी झाली. बरोबर सेहेचाळीस दिवसांनी, २० ऑक्टोबरला, चीनचा हल्ला झाला. त्या लंगरमध्ये गाणाऱ्यांपैकी किती जण परत आले हे ते सांगत नाहीत. मी विचारलेलंही नाही. ते दिवस आठवले की ते आधी फुटबॉलचं बोलतात, हे मात्र मी ओळखून आहे.

त्यांच्या घराची भिंत कोपऱ्यावर असल्यामुळे ती दोन्ही पक्षांना हवी होती. गेल्या आठवड्यात ब्राझीलची पोरं आणि अर्जेंटिनाची पोरं रंगाचे डबे घेऊन एकाच वेळी दारात. साहेबांनी अट घातली : जो पक्ष १९६२ च्या आपल्या संघातली पाच नावं सांगेल, त्याची भिंत. दोन्हीकडे शांतता. नेमारच्या बहिणीचं नाव माहीत असलेली पोरं ती! दुसऱ्या दिवशी मोबाइलवरून घोकून आली. चुनी गोस्वामी, पीके, बलराम, जर्नेल, थंगराज. दोघांकडे तीच पाच. साहेब म्हणाले, "आणि चंद्रशेखरन? इरिंजालकुडाचा. आपल्या केरळचा!" पोरं परत गप्प.

त्या संध्याकाळी मीही तिथे होतो आणि मनात म्हटलं, पोरांना काय नावं ठेवतोस! गेल्याच महिन्यात सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप भारतातच झाला. अंतिम सामना नवी मुंबईत. आपल्या मुली भुवनेश्वरला अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. कर्णधार अस्तम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. त्या मुलींसाठी मी एकही संध्याकाळ टीव्हीसमोर बसलो नाही. आमच्या लाईनमध्येही कुणाची सुट्टी मागायची चिठ्ठी आली नाही. पुल्लावूरची नदी तेव्हाही वाहत होती.

तरी मलबारला दोष देववत नाही. गेल्या मे महिन्यात इथून जवळच, मंजेरीला, केरळ आणि बंगाल यांची संतोष ट्रॉफीची फायनल पेनल्टीवर गेली, तेव्हा स्टेडियम तुडुंब होतं. ईदच्या आदल्या रात्री. याच जिल्ह्यातून व्ही. पी. सत्यनसारखा भारताचा कर्णधार गेला. इथली पोरं आधी गल्लीतल्या सेव्हन्स सामन्यात गुडघे फोडून घेतात, मग कटआउटला दोर बांधतात.

भिंतीचं शेवटी असं झालं : अर्धी पिवळी, अर्धी निळी-पांढरी. मधल्या वीतभर पट्ट्यात एका पोराने ती पाच नावं मल्याळीत लिहिली आणि सहावं साहेबांनी स्वतः उभं राहून लिहून घेतलं. रंग संपल्यामुळे ते जरा फिकट आलंय.

राहिला प्रश्न मंगळवारचा. मी स्वतः १९९० पासून अर्जेंटिनाचा, बारा वर्षांचा होतो तेव्हापासून. पक्षपाताचा आरोप नको म्हणून हे युनिटमध्ये कुणाला सांगितलेलं नाही (हा ब्लॉग सुभेदार मेजर साहेब वाचत नाहीत, अशी आशा आहे). चारही दात मी मंजूर केले. साडेतीनच्या गार्डवर ब्राझीलवाले लावले आहेत, ते तक्रार करणार नाहीत. सगळे म्हणतात सौदी म्हणजे फुकटचे तीन गुण, अर्जेंटिना ३६ सामन्यांत हरलेली नाही. असेल. पण नव्वद साली पहिल्याच सामन्यात कॅमेरूनने काय केलं होतं, ते पेठेतल्या एकुलत्या एका टीव्हीसमोर बसून मी पाहिलंय. त्यामुळे मंगळवारी मी ऑफिसचं दार आतून लावून घेणार आहे.