सुईचा प्रवास

कॅसलरॉकच्या जुन्या मंडळींपुढे गावाचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास आठवतात. एक, घाट उतरून मुरगावकडे जाणारी रेल्वे. दुसरी, स्थानकावरील सामानाची झडती. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाची हद्द येथून हाकेच्या अंतरावर होती, आणि ती ओलांडणाऱ्या प्रवाशास काय आणले, कोठून आणले आणि त्याचे मोल किती, या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. प्रस्तुत लेखात आम्ही हेच तीन प्रश्न एका परदेशी उपचारास विचारणार आहोत. तो उपचार म्हणजे ॲक्युपंक्चर, अर्थात सूचिचिकित्सा.

या विषयाकडे वळण्याचे कारण साधे आहे. आपल्या घरांतील दुखणी बहुतांशी रोजची असतात. पावसाळ्याचे चार महिने ओल अंगात मुरते, गुडघे धरतात, कंबरेत उसण भरते, मान आखडते, अर्धशिशी उठते. पूर्वी अशा वेळी निरगुडीच्या पाल्याचा शेक, आंबेहळदीचा लेप, सुंठीचा उगाळा आणि तेलाचे मर्दन यांवर भागत असे. त्याने उतार पडला नाही तर वैदूची तुंबडी, जळवा किंवा डाग. आता गुडघे व कंबर दुखणाऱ्यांस कोणी ना कोणी ‘सुया टोचून घ्या’ असे सुचवतोच. या सल्ल्यासोबत दोन विधाने हटकून कानी पडतात. ही विद्या मुळात आपलीच, असे एक. आणि सोलापूरच्या डॉ. कोटणिसांनी ती चीनहून आणली, असे दुसरे. दोन्ही विधाने अभिमानाची आहेत, म्हणूनच ती तपासून घेणे इष्ट.

प्रथम ‘आपलीच’ या विधानाकडे पाहू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कर्णवेधनासंबंधी आहे, आणि कान टोचण्याचा हेतू तेथे अलंकाराबरोबर बालकाचे रक्षण असाही सांगितला आहे. अंत्रवृद्धीवर कानाजवळची शीर वेधण्याचा उपायही त्या ग्रंथात सापडतो. सिरावेध, अग्निकर्म आणि मर्मांचे ज्ञान ही आपल्या वैद्यकाची खरी संपत्ती आहे. परंतु सिरावेधाचा हेतू रक्त काढणे हा असतो, आणि मर्मस्थाने तर इजेपासून जपावयाची असतात. ठरावीक बिंदूंत बारीक सुई रोवून ती काही वेळ तशीच ठेवण्याची शिस्तबद्ध पद्धत या ग्रंथांत आढळत नाही. साम्य आहे, वंशावळ नाही.

हे साम्य मात्र विचार करावयास लावणारे आहे. सायटिकेच्या कळेवर कानाला डाग देण्याची रीत फ्रान्समधील लोकवैद्यकातही होती. असे डागलेले रुग्ण लियाँ येथील डॉ. पॉल नोजिए यांच्या पाहण्यात आले, आणि त्यावरून त्यांनी १९५०च्या दशकात कानावरील बिंदूंची स्वतंत्र पद्धत रचली. दुखण्याच्या जागेपासून दूर टोचून दुखणे हटवावे, ही कल्पना अनेक देशांतील माणसांना सुचली होती एवढे यावरून म्हणता येते.

सूचिचिकित्सेचे रीतसर शास्त्र चीनचे. ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा तिचा आधारग्रंथ इसवी सनापूर्वीच्या दोन शतकांत सिद्ध झाला असे सामान्यतः मानतात. पण चीनमध्ये तिचा मान अखंड राहिला, हा समज चुकीचा आहे. १८२२ साली बादशाही हुकुमाने ती राजवैद्यांच्या संस्थेतून काढून टाकण्यात आली. १९२९ साली तर तेथील राष्ट्रीय सरकारपुढे सगळे जुने वैद्यकच मोडीत काढण्याचा प्रस्ताव आला होता. ज्या वर्षांत आपले डॉक्टर चीनमध्ये पोहोचले, ती वर्षे या विद्येच्या पडत्या काळाची होती, हे ध्यानात ठेवावयास हवे.

ते डॉक्टर पाच होते. चिनी सेनानी चू तेह यांच्या विनंतीला प्रतिसाद म्हणून काँग्रेसने सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून वैद्यकीय पथक पाठविले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख. त्यांच्यासमवेत नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली जन्मलेल्या कोटणिसांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात झाले होते. १९३९च्या आरंभी पथक येनानला पोहोचले. पुढे अटल, चोळकर व मुखर्जी परतले. कोटणीस आघाडीवर गेले. १९४१ साली ते बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याच वर्षी क्वो चिंग-लान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटाने ही कथा घरोघर नेली.

या चरित्रात कोटणीस दिसतात ते शल्यचिकित्सक म्हणून. गोळ्या काढणे, जखमा बांधणे, शस्त्रक्रिया शिकविणे हे त्यांचे काम. येनानमध्ये नव्या व जुन्या वैद्यांनी एकत्र काम करावे असे आवाहन माओ यांनी केले ते १९४४ साली. त्यानंतर चू लियेन या पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या डॉक्टर महिलेने तेथे सुईची विद्या आत्मसात केली आणि १९५१ साली तिच्यावर नव्या धर्तीचा ग्रंथ लिहिला. तोवर कोटणिसांना जाऊन वर्षे लोटली होती. तेव्हा ही विद्या कोटणिसांनी भारतात आणली, हे विधान कालक्रमापुढे टिकत नाही.

ती आणली त्यांच्या सोबत्याने. डॉ. बसू १९४३ साली मायदेशी परतले. १९५८ साली ते पुन्हा चीनला गेले, तेथे सूचिचिकित्सा रीतसर शिकले, आणि परतल्यावर कोलकात्यात तिचा उपयोग करू लागले. दिवंगत मित्राच्या नावाने स्थापन झालेल्या स्मारक समितीचे कार्य त्यांनी पुढे नेले आणि त्या समितीच्या केंद्रांतून ही चिकित्सा गरिबांपर्यंत पोहोचली. लुधियान्यात १९७५ साली सुरू झालेल्या सूचिचिकित्सा रुग्णालयासही कोटणिसांचेच नाव आहे. सुईशी सोलापूरचे नाव जोडले गेले ते असे, एका मित्राच्या कृतज्ञतेतून. हे सांगितल्याने कोटणिसांचे मोठेपण तिळभरही उणावत नाही. त्यांच्या पदरी न केलेले काम घालण्याची गरजच नाही, आणि त्यापायी बसूंचे नाव मात्र आपण विसरतो. मराठी घरांत त्यांचे स्मरण व्हावे, एवढे ऋण निश्चितच आहे.

आता तिसरा प्रश्न, मोलाचा. उपचारात वापरावयाची सुई केसासारखी बारीक व भरीव असते; तिच्यातून औषध जात नाही. मनगटाच्या आतील घडीपासून तीन बोटे वर, गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या अंगास, अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यात, अशा बिंदूंत ती रोवून वीस ते तीस मिनिटे ठेवतात. टोचताना बधिर, जड अशी संवेदना व्हावी, अशी अपेक्षा असते. जुने शास्त्र हे ‘ची’ नामक प्राणशक्तीच्या वाहिन्यांवरून समजावते. तशा वाहिन्या शरीरविच्छेदनात सापडत नाहीत. टोचल्याने शरीरातील वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे १९७०च्या दशकातील प्रयोगांवरून दिसून आले.

परिणामांबाबत जर्मनीतील मोठी चाचणी बोलकी आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर खऱ्या बिंदूंवर टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के, आणि नेहमीचे औषधोपचार व व्यायाम घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांस उतार पडला. सुईने बरे वाटते हे यात दिसते. बिंदू नेमका हवाच, हे दिसत नाही. अर्धशिशीवरील २०१६ सालच्या कॉक्रेन आढाव्यात सुईचा उपचार घेणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोकांचे झटके निम्म्यावर आले, न घेणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने कंबरदुखीसाठी २००९ साली केलेली शिफारस २०१६ साली मागे घेतली, डोकेदुखीसाठीची २०१२ सालची मात्र कायम राखली. जाणते लोक मत बदलतात, ते असे.

यावरून आमचा निष्कर्ष माफक आहे. जुनी कंबरदुखी, अर्धशिशी, ताणाची डोकेदुखी, काही प्रमाणात गुडघेदुखी व मळमळ यांवर सुई आजमावून पाहण्यास हरकत नाही. वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडणाऱ्या वृद्धांस तर तिचा आधार वाटू शकतो. मधुमेह, रक्तदाब, क्षय, कर्करोग यांवरील औषधे सोडून तिच्या मागे लागणे घातक आहे. छातीत कळ, एकाएकी अंग लुळे पडणे, न उतरणारा ताप, पायांतील शक्ती जाणे ही सुईची दुखणी नव्हेत.

धोके थोडे आहेत, पण आहेत. एकाची सुई दुसऱ्यास वापरल्यास कावीळ पसरते. छातीवर खोल टोचल्यास फुप्फुसास छिद्र पडू शकते. म्हणून प्रत्येक वेळी नवी, बंद पाकिटातील सुई मागून घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तसे आधी सांगावे. गर्भवतीने आपल्या डॉक्टरांस विचारल्याखेरीज हा उपचार घेऊ नये. केंद्र सरकारने २००३ साली या चिकित्सेस मान्यता दिली आणि २०१९ साली स्वतंत्र पद्धती म्हणून तिचा स्वीकार केला. पश्चिम बंगालने १९९६ साली व महाराष्ट्राने २०१५ सालच्या अधिनियमाने तिच्यासाठी कायदा केला. तेव्हा टोचणाऱ्याचे शिक्षण व नोंदणी विचारण्यात संकोच कसला?

आपल्याकडे सोनारानेच कान टोचावेत अशी म्हण आहे. सोनाराचा हात सरावलेला असतो, त्याला पाळी कोठे मऊ आहे ते कळते, आणि टोचून झाल्यावर घरी काय लावावे हेही तो सांगतो. चीनहून बसूंच्या हाती आलेल्या सुईलाही हाच नियम लावावा. पूर्वी नाक्यावर तपासून झालेल्या मालावर खडूची खूण केली जाई आणि तो पुढे जाई. या मालावरही आम्ही तशी खूण करतो. मात्र त्यावर वजन किती ते लिहून.