शेतातल्या पक्ष्यांची यादी मोबाईलवर: नोंद कशी करायची आणि काय झाकून ठेवायचं

खळ्यावरच्या चिमण्या, तारेवरचा नीलकंठ, विहिरीजवळचा खंड्या हे पक्षी गावात रोज दिसतात, पण त्यांची नोंद सहसा कुठे होत नाही. अशी नोंद मोबाईलवर ठेवण्यासाठी 'ईबर्ड' हे मोफत ॲप आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी अभ्यास संस्था ते चालवते. २००२ साली ते सुरू झालं आणि २०१० पासून जगातल्या कुठल्याही ठिकाणची यादी त्यात टाकता येते. भारतात 'बर्ड काउंट इंडिया' हा गट नवख्यांना मदत करतो.

ईमेलने खातं उघडायचं, शेतात गेल्यावर यादी सुरू करायची आणि दिसेल त्या पक्ष्यासमोर आकडा टाकत जायचं. किती वेळ आणि किती अंतर चाललो हे ॲप स्वतःच मोजतं. रेंज नसली तरी यादी फोनमध्ये राहते, घरी येऊन पाठवली तरी चालते. पक्ष्यांची नावं मराठीत दाखवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. पक्षी ओळखू आला नाही तर त्याच संस्थेचं 'मर्लिन' ॲप फोटोवरून नाव सुचवतं. मात्र ॲपने सांगितलं म्हणून डोळे झाकून लिहू नये. खात्री नसेल तर तो पक्षी सोडून द्यावा.

यादी पाठवताना शेवटी एक प्रश्न येतो: ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिले का? बरेच जण इथेच चुकतात. कावळा, साळुंकी, पारवा यांना काय लिहायचं म्हणून ते वगळतात आणि वर 'हो' म्हणतात. मग त्या दिवशी तिथे कावळा दिसलाच नाही, असा अर्थ निघतो. एखादा पक्षी किती याद्यांत आला आणि किती याद्यांत आला नाही, यावरूनच त्याची वाढ-घट कळते. त्यामुळे एका दुर्मिळ पक्ष्याच्या फोटोपेक्षा नेहमीच्या पंधरा पक्ष्यांची पूर्ण यादी जास्त कामाची.

भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल अशाच याद्यांवर तयार झाला. ३० हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी आणि ९४२ जातींचा आढावा त्यात आहे. मोर वाढल्याचं त्यात दिसतं. शेतकऱ्यांना ते सांगायला नकोच. उलट नीलकंठ इतका घटलाय की त्याच्या धोक्याचा दर्जा पुन्हा तपासावा, अशी शिफारस झाली. हा पक्षी उघड्या माळरानाचा आणि शेतशिवाराचा. पण याद्या जास्त येतात त्या शहरांतून आणि नांदूर मधमेश्वर, उजनी अशा नावाजलेल्या पाणथळींवरून. कोरडवाहू गावांच्या शिवारात काय चाललंय हे तिथल्या माणसांनी लिहिलं तरच कळणार.

आता जपून करायच्या गोष्टी. यादी सगळ्या जगाला दिसते आणि नकाशावरची खूणही दिसते. म्हणून ठिकाणाच्या नावात स्वतःचं नाव, घर किंवा गट नंबर टाकू नये. गावाचं नाव पुरे. घरट्याची नेमकी जागा लिहू नये. घुबड, तितर, लावा कुठे बसतात हे शिकाऱ्याला आयतं कळायला नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, तरी फासे लावणारे आहेतच. काही धोक्यातल्या जातींची नेमकी जागा ईबर्ड आपणहून झाकतं, पण नेहमीच्या पक्ष्यांना ही सोय नसते. शंका वाटली तर पूर्ण यादी लोकांपासून लपवण्याचा पर्याय आहे. आणि यादीत झाकलेली जागा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लोकेशनसकट टाकली, तर सगळंच मुसळ केरात.

वेगळा पक्षी किंवा फार मोठा आकडा टाकला की कधीकधी तपासनिसाचा ईमेल येतो. हे तपासनीस जाणकार स्वयंसेवक असतात. फोटो किंवा वर्णन मागितलं म्हणजे खोटं ठरवलं, असं नव्हे. चूक झाली असेल तर यादी नंतरही दुरुस्त करता येते.

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते. भारतातले लोक २०१३ पासून त्यात भाग घेतात. एका जागी किमान पंधरा मिनिटं थांबून यादी केली तरी चालते. घरात कुणाची जुनी वही असेल आणि त्यात पक्षी, गाव आणि तारीख लिहिलेली असेल, तर त्या नोंदीही ईबर्डच्या वेबसाइटवरून त्याच तारखेला टाकता येतात.