जव्हार-मोखाड्याचा आठवडे बाजार : तराजू कोणाच्या हातात?

पावसाळा सुरू झाला की मुंबई-नाशिकच्या गाड्या जव्हारकडे वळतात. दाभोसाचा धबधबा, जयविलास राजवाडा आणि परतताना आठवडे बाजारातून शेवळी, कर्टोली, मध, एखादे वारली चित्र. 'मिनी महाबळेश्वर' म्हणून जव्हारचे कौतुक करणाऱ्यांना हा बाजार फार आवडतो. आवडावा, त्यात गैर काही नाही. पण या बाजारात डोक्यावर पाटी घेऊन दहा मैल चालत येणारी बाई भाव ठरवते का, हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारत नाही. तो आपण विचारला पाहिजे.

जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान. चौदाव्या शतकापासून १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत ते टिकले. किनारपट्टीवरून नाशिककडे जाणारी घाटवाट याच मुलखातून जाते. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज जव्हारच्या राजांना शिरपामाळावर भेटले, असे इथे सांगतात. शेजारचे मोखाडे मात्र इंग्रजी ठाणे जिल्ह्यात होते. म्हणजे सीमेच्या एका बाजूला आदिवासी राजा आणि दुसऱ्या बाजूला गोरा साहेब. पण वारली, कातकरी, कोकणा माणसाच्या नशिबी दोन्हीकडे सावकारच आला. सत्तेवर आपल्यातला माणूस बसला म्हणजे तराजू आपल्या हातात येतो, असे नाही. हा धडा आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या बाजाराचे गणित समजून घ्या. डोंगरातून खाली येते नाचणी, वरई, उडीद, खुरासणी, मोहफुले, हिरडा, डिंक. वर जाते मीठ, मिरची, सुकी मासळी, कापड, तेल. मीठ आणि सुकट यांच्याशिवाय घर चालत नाही, पण ती डोंगरात पिकत नाहीत. ज्याला आजच मीठ हवे आहे, तो हिरड्याचा भाव उद्यापर्यंत ताणू शकत नाही. व्यापारी थांबू शकतो, आदिवासी थांबू शकत नाही. साऱ्या शोषणाचे मूळ इथे आहे.

त्यात भर पावसाळ्याची. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते. तेव्हा सावकाराकडून धान्य उचलायचे आणि पीक आले की दिडीदुपटीने फेडायचे. पीक बाजारात पोचण्याआधीच विकले गेलेले असते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली आणि सारा देश हादरला. शहराला रानमेवा पुरवणाऱ्या मुलखातली लेकरे उपाशी मेली. याला नुसते मागासलेपण म्हणून चालणार नाही.

बाबासाहेबांना बाजाराची ही ताकद नेमकी माहीत होती. मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली. ती अस्पृश्यांबरोबर आदिवासींच्याही स्थितीची चौकशी करण्यासाठी होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात बहिष्काराची हत्यारे नोंदवली आहेत. जमीन काढून घेणे, काम बंद करणे, वाट अडवणे आणि गावच्या वाण्याला सांगून जीवनावश्यक वस्तूंची विक्री बंद करणे. हक्क मागितला की आधी दुकान बंद! म्हणूनच राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये पाणवठ्यांबरोबर दुकानांचाही उल्लेख आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने, सेवा देऊ करणाऱ्या प्रत्येकासाठी घ्यावा, असे बाबासाहेबांनी स्पष्ट केले.

बाजारात शिरण्याचा हक्क असा मिळाला. बाजार चालवण्याचा हक्क अजून बाकी आहे.

१९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ आले, १९७६ मध्ये एकाधिकार खरेदीचा कायदा आला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभा आणि पंचायतींना गौण वनउपजाची मालकी, सावकारीवर नियंत्रण आणि गावबाजाराचे व्यवस्थापन हे तिन्ही अधिकार देण्याची तरतूद केली. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले, आणि पालघर जिल्हाही त्याच वर्षी झाला. पण यात एक मोठी फट आहे. जव्हारला नगरपरिषद आहे, मोखाड्याला नगरपंचायत. पेसा लागू होतो पंचायतींना. अनुसूचित क्षेत्रातील शहरांसाठी असाच कायदा करण्याचे विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत आले, त्याचा कायदा झाला नाही. माल आणतो पाड्यावरचा माणूस आणि जिथे तो विकतो, त्या शहराच्या बाजारावर त्याच्या ग्रामसभेचा शब्द चालत नाही.

आज माल बदलला आहे. जव्हार-मोखाड्याच्या अनेक शेतकऱ्यांनी मोगरा लावला आहे. पहाटे खुडलेली कळी दादरच्या फुलबाजारात जाते आणि भाव दादरला ठरतो. आणि दिवाळीनंतर या तालुक्यांतून सर्वांत जास्त जे विकले जाते, ते म्हणजे माणसाचे श्रम. उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याआधी परततात. पावसाळ्यातल्या धान्याच्या कर्जाचेच हे नवे रूप आहे. हिशेबाची वही अजूनही दुसऱ्याच्याच हातात आहे.

मग आपण काय करायचे? जिथे पंचायत आहे, त्या गावच्या बाजारासाठी ग्रामसभेत विचारा : बाजारकर कोण गोळा करतो, किती जमतो, कुठे खर्च होतो? वजनकाटे तपासलेले आहेत का? उन्हापावसात जमिनीवर बसणाऱ्या बायांना ओटा, पाणी, संडास का नाही? जव्हार-मोखाड्याच्या नगरसेवकांना हेच प्रश्न विचारा. अनुसूचित क्षेत्रातील शहरांसाठीच्या कायद्याची मागणी तुमच्या आमदार-खासदारांपुढे ठेवा. आणि पुढच्या वेळी या बाजारात फिरायला गेलात, तर भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका.

चवदार तळ्यावर आपण पाण्यासाठी गेलो होतो तसेच माणूसपणासाठीही गेलो होतो. बाजारातही दोन्ही मिळाले पाहिजे, रास्त भाव आणि मान.

जय भीम! जय जोहार!