अर्ध्या मिलिमीटरचा इतिहास

वसईचा इतिहास म्हटला की चिमाजीअप्पा आणि १७३९ साल आठवते. परंतु आमच्या पापडीच्या आसपासच्या वाड्यांना पाणी पाजणाऱ्या इंजिनालाही इतिहास आहे, आणि तो हवा दाबण्याचा इतिहास आहे.

सायकलच्या पंपाचे बूड हवा भरताना तापते, हे घरातील पोरेही सांगतील. दाबली की हवा तापते. जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेलने १८९२ साली ह्याच गुणाच्या जोरावर पेटंट मागितले. पूर्वीच्या कित्येक तेलइंजिनांचे डोके सुरू करताना दिव्याने तापवावे लागे. डिझेलने हवाच इतकी दाबली की तीत फवारलेले तेल ठिणगीवाचून पेटले. १८९७ साली आउग्सबुर्गला त्याच्या इंजिनाने तेलातील सुमारे चौथा हिस्सा उष्णता कामी लावून दाखविली.

पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली निघाली. तिच्या पाच अश्वशक्तीच्या एव्ही-१ इंजिनाचा व्यास ८० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ११०. साडेसोळा वाट्या हवा एका वाटीत कोंबायची, असा त्याचा हिशेब. सिलिंडर आणि हेड ह्यांच्यामध्ये गास्केट असते. मिस्त्री त्याला पॅकिंग म्हणतात. मी पडलो शाळामास्तर, तेव्हा गणित मांडले. पॅकिंग अर्धा मिलिमीटर जाड बसविले, तर वरची पोकळी अडीच घनसेंटिमीटरने वाढते आणि साडेसोळाचे साडेपंधरा होतात. मग थंडीच्या पहाटे हँडल मारून खांदे भरून येतात, आणि इंजिन नुसता धूर ओकते.

मग पॅकिंग पातळ करावे, हेड घासावे? दाब वाढतो खरा. पण दट्ट्या आणि झडपा एकमेकांवर आदळण्याची भीती, आणि पॅकिंग जळण्याचीही. पेट्रोलच्या इंजिनात तर दाब वाढविला की ठोके पडतात. ते थांबविण्यासाठी अमेरिकेत १९२१ साली पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याची युक्ती सापडली. ते विष धुरातून मुलांच्या रक्तात गेले. भारतात मोटारींच्या पेट्रोलमधून ते हद्दपार व्हायला २००० साल उजाडले.

आमच्याकडे किंमत निराळी पडली. रहाटाचा बैल थकला की विहिरीलाही विसावा मिळे. इंजिन थकत नसे. उपसा वाढला, आणि समुद्राजवळच्या काही विहिरींत खारे पाणी शिरले. हेडखाली किती जागा ठेवायची, हे मिस्त्र्याला ठाऊक होते. विहिरीत किती पाणी ठेवायचे, हे कोणी मोजून सांगितले नव्हते.